छोट्या फेऱ्यांना पिस्टनच बरं

छोट्या विमानांसाठी टर्बोप्रॉप (टर्बाइनवर पंखा फिरवणारं इंजिन) असताना मोटारीसारखी पिस्टन इंजिनं कशाला, असा प्रश्न पडतो. टर्बाइन उंचावर काटकसरी असतं, पण दहा-पंधरा मिनिटांच्या फेरीत विमान तेवढं चढतच नाही. शिवाय टर्बाइनच्या काही भागांचं आयुष्य तासांवर नाही, किती वेळा चालू-बंद केलं त्यावर मोजतात.

स्कॉटलंडच्या ऑर्कनीत वेस्ट्रे ते पापा वेस्ट्रे हे उड्डाण जेमतेम दोन मिनिटांचं. तिथे आयलँडर हे दोन पिस्टन इंजिनांचं छोटं विमान चालतं, पहिलं उड्डाण १९६५ चं! त्याची चाकं आत ओढली जात नाहीत, आणि मला तेच फार आवडतं. दिवसभर चढ-उतार करणाऱ्या विमानात बिघडायला एक यंत्रणा कमी. नव्या टेकनॅम पी२०१२ या पिस्टन विमानातही चाकं स्थिरच आहेत.

खरी काळजी इंधनाची आहे. शिसं असलेलं एव्हगॅस, म्हणजे पिस्टन विमानांचं पेट्रोल, अनेक विमानतळांवर मिळतच नाही.