विषय: आयआरएमध्ये व्हेरिएबल अ‍ॅन्युइटी घ्यावी का?

नमस्कार मंडळी,
मी जूनमध्ये रिटायर होतेय, फोर-ओ-वन-केचे (अमेरिकेत नोकरीतून साठलेल्या रिटायरमेंट खात्याचे) साधारण दोन लाख डॉलर आयआरएत, म्हणजे स्वतःच्या रिटायरमेंट खात्यात, रोलओव्हर करायचेत (हलवायचेत). एक अ‍ॅडव्हायजर मागे लागलाय की सगळे व्हेरिएबल अ‍ॅन्युइटीत (विमा कंपनीची पॉलिसी, पैसे मार्केटच्या फंडांत) टाका, मार्केट पडलं तरी आयुष्यभर इन्कम, वर टॅक्स डिफर्ड, म्हणजे टॅक्स आत्ता नाही, पैसे काढताना. कोणी घेतलीय का?

---

ताई, घाईने सही करू नका, कळकळीने सांगतोय. आयआरएतले पैसे मुळातच टॅक्स डिफर्ड असतात, त्यात अ‍ॅन्युइटी घातली म्हणून टॅक्समध्ये जास्तीचं काहीच पदरात पडत नाही, एसईसी (अमेरिकेची शेअरबाजार नियामक संस्था) सुद्धा गुंतवणूकदारांना हेच बजावते. मग अ‍ॅन्युइटीची जादा फी भरायची कशाला?

प्रॉस्पेक्टस (पॉलिसीचं माहितीपत्रक) मागून घ्या आणि फीचा तक्ता बघा. मॉर्टॅलिटी अँड एक्स्पेन्स (विम्याची जोखीम आणि खर्च) या नावाखाली साधारण सव्वा टक्का, आतल्या फंडांचा अर्धा ते एक टक्का वेगळा, आणि आयुष्यभर इन्कमची गॅरंटी म्हणजे रायडर (पॉलिसीला जोडलेली जादा सोय), त्याचा आणखी टक्काभर. बेरीज तीन टक्क्यांच्या आसपास जाते म्हणजे दोन लाखांवर वर्षाला सहा हजार डॉलर, मार्केट वर जावो नाहीतर खाली. एस अँड पी 500 चा साधा इंडेक्स फंड 0.05 टक्क्याच्या आत मिळतो, तिथे शंभर डॉलरसुद्धा लागत नाहीत!

आणि सरेंडर चार्ज, म्हणजे मुदतीआधी पॉलिसी मोडली तर कापला जाणारा दंड, तोही विचारा. बऱ्याच पॉलिसींत पहिल्या वर्षी सात टक्के आणि मग दरवर्षी एकेक टक्का कमी. अ‍ॅडव्हायजरचं कमिशन बहुतेक वेळा यातूनच वसूल होतं, म्हणून तर एवढा आग्रह.

---

काका, पण दरवर्षी 6 टक्के गॅरंटीड वाढ म्हणतात ना? आमच्या ह्यांना तेच आवडलंय.

---

अहो तीच तर मेख आहे. ते 6 टक्के बेनिफिट बेसवर, तुमच्या खात्यातल्या खऱ्या पैशावर नाही. बेनिफिट बेस हा कागदावरचा आकडा, तो एकरकमी काढता येत नाही, त्यावरून फक्त वर्षाला किती काढायचं ते ठरतं, समजा 5 टक्के. आणि ते 5 टक्केही आधी तुमच्याच खात्यातून जातात, खातं रिकामं झालं की मगच कंपनी स्वतःचे पैसे द्यायला लागते.

कायमचं इन्कमच हवं असेल तर आधी सोशल सिक्युरिटी (सरकारी पेन्शन) वयाच्या 70 पर्यंत लांबवता येते का बघा, फुल रिटायरमेंट एजनंतर (पूर्ण पेन्शन मिळण्याच्या वयानंतर) थांबलेल्या प्रत्येक वर्षाला 8 टक्के वाढ मिळते आणि ती महागाईप्रमाणे वाढतही राहते.

---

आम्ही मागच्याच आठवड्यात सही केली हो, आता काय?

---

फ्री लूक पिरियड (पॉलिसी परत करायची मुदत) असतो, पॉलिसी हातात आल्यापासून निदान 10 दिवस, काही राज्यांत जास्त. तेवढ्यात रद्द केली तर सरेंडर चार्ज लागत नाही. आजच लेखी कळवा, नुसत्या फोनवर राहू नका, आणि पैसे चेकने स्वतःच्या नावावर न घेता थेट दुसऱ्या आयआरएत ट्रान्सफर करायला सांगा, नाहीतर टॅक्सचं लफडं मागे लागेल.