फार्महाऊसवर बांधलेले चितळ आणि कोंडलेला मोर : कायद्याने सुटका कशी करावी?

सिंदेवाहीकर (प्रश्न)

आमच्या गावाबाहेर एका वजनदार गृहस्थांचे फार्महाऊस आहे. तेथे एक चितळ दोरीने बांधलेले असून शेजारच्या जाळीच्या पिंजऱ्यात मोर कोंडलेला आहे. दोरीच्या घासण्याने चितळाच्या मानेवरचे केस गेले आहेत, त्याला सरकीची ढेप आणि जेवणावळीतला उरलेला भात घालतात, आणि मोराची पिसे जाळीला लागून तुटली आहेत. तुरीच्या वावरात पिल्लू सापडले, आम्ही ते वाचवले, असे मालक सांगतात. बीटच्या वनरक्षकाला तोंडी सांगून पाहिले. "बघतो" यापलीकडे काही झाले नाही. अशा वेळी सामान्य गावकऱ्याने नेमके काय करावे?

तालुका न्यायालयातील वकील

पिल्लू सापडले, हे मालकाचे म्हणणे खरे मानले तरी त्याचा बचाव होत नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम ३९ प्रमाणे असा प्राणी शासनाची मालमत्ता ठरतो, तो ज्याच्या ताब्यात येईल त्याने ४८ तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा वनाधिकाऱ्याकडे कळवले पाहिजे, आणि मुख्य वन्यजीव रक्षकांच्या लेखी परवानगीशिवाय तो जवळ ठेवता येत नाही.

मोराचे प्रकरण अधिक गंभीर आहे. तो अनुसूची १ मध्ये, म्हणजे कायद्याने सर्वाधिक संरक्षण दिलेल्या प्राण्यांच्या यादीत असल्यामुळे किमान ३ आणि कमाल ७ वर्षे कारावास व किमान २५ हजार रुपये दंड होऊ शकतो, आणि किमान शिक्षा ठरलेल्या गुन्ह्यात वनविभागाला पैसे भरून घेऊन तडजोड करता येत नाही. चितळाबाबत मात्र ती वाट मोकळी आहे. म्हणून तक्रारीत दोन्ही प्राण्यांचा स्वतंत्र उल्लेख करा, नाहीतर मोर बाजूला पडेल आणि चितळावर प्रकरण मिटवले जाईल.

निवृत्त वनपाल

तोंडी सांगितलेल्या गोष्टीची कोठेही नोंद राहत नाही. अर्ज उपवनसंरक्षकांच्या नावाने लेखी द्या, आवक शिक्क्याची प्रत घ्या, आणि वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवरही कळवा. छायाचित्र सार्वजनिक रस्त्यावरून काढा. कुंपणाच्या आत पाऊल टाकू नका.

खरे प्रकरण पंचनाम्यात उभे राहते किंवा पडते. कलम ५७ प्रमाणे ताबा सिद्ध झाला की तो कायदेशीर आहे हे दाखवण्याची जबाबदारी आरोपीवर येते; पण ताबा सिद्ध करायचा तर दोरी आणि पिंजरा दोन्ही जप्त झाले पाहिजेत, जागेचा सातबारा जोडला पाहिजे आणि पशुवैद्यकीय अधिकाऱ्याचा दाखला घेतला पाहिजे. नुसते चितळ गाडीत घालून नेले, तर "ते रानातून आपोआप आले होते" असे म्हणायला आरोपी मोकळा राहतो. असे घडताना मी पाहिले आहे आणि त्याचे मला आजही वाईट वाटते.

पशुवैद्य, चंद्रपूर

एक विनंती आहे. चितळ ताब्यात आल्यावर त्याला लगेच जंगलात सोडा, असा आग्रह गावकऱ्यांनी धरू नये. माणसाच्या हातावर वाढलेल्या चितळाला कुत्र्यांची आणि माणसांची भीती उरत नाही, त्यामुळे गावकुत्री त्याला पहिल्याच आठवड्यात फाडतात. तो नर असेल तर शिंगे वाढल्यावर लहान मुलांवरही धावून जातो. शिवाय शिजवलेला भात खाऊन रवंथ करणाऱ्या प्राण्याच्या पोटात आम्लता वाढते, तेव्हा आधी उपचार व्हावेत. त्यासाठी नागपूरला सेमिनरी हिल्स येथे वनविभागाचे उपचार केंद्र आहे, तसेच गोरेवाडा येथे बचाव केंद्र आहे.

सिंदेवाहीकर

सर्वांचे मनापासून आभार. अर्ज लिहायला घेतला आहे. माझे नाव गावात फुटू नये, यासाठी काही मार्ग आहे का? आणि विभागाने काहीच केले नाही तर?

तालुका न्यायालयातील वकील

जिल्ह्याच्या मानद वन्यजीव रक्षकांमार्फत (शासनाने नेमलेले बिनपगारी रक्षक) अर्ज गेल्यास आपले नाव पुढे येण्याची गरज पडत नाही. विभाग गप्प राहिला, तर कलम ५५ प्रमाणे ६० दिवसांची नोटीस देऊन कोणताही नागरिक थेट न्यायालयात तक्रार दाखल करू शकतो. त्यात मात्र नाव द्यावेच लागेल. तशी वेळ आली तर एकट्याने न जाता ग्रामसभेतील चार-पाच जणांनी मिळून नोटीस द्यावी. मसुदा मी विनामूल्य करून देईन.