सांगलीत पार्किन्सन्सवाल्यांचा एकत्र व्यायामाचा ग्रुप काढावा का? आबा घरी एकटे काही करत नाहीत

हळदपेठ_सांगली
नमस्कार मंडळी, थोडं लांबलचक आहे पण वाचा. माझे सासरे, आम्ही आबा म्हणतो, वय ७१, पार्किन्सन्स (कंपवात) आहे. आधी फक्त उजवा हात थरथरायचा, आता पावलं बारीक झालीत आणि दाराच्या उंबऱ्यापाशी आले की पाय जमिनीला चिकटल्यासारखे थांबतात. गोळ्या चालू आहेत, मिरजेचे डॉक्टर म्हणाले गोळीइतकाच व्यायाम महत्त्वाचा. घरी फिजिओ येतो तो असेपर्यंत सगळं व्यवस्थित करतात, तो जिना उतरला की खुर्ची आणि टीव्ही. मी काही बोलले तर "सुनेनं मला कवायत शिकवायची नाही" आणि नवऱ्याचं तर ऐकतच नाहीत.
आता झालं असं की परवा ओपीडीत नंबर यायला उशीर होता तर बाकावर असेच अजून दोघं-तिघं पेशंट होते, त्यातल्या एका काकांनी खुर्चीतून झटक्यात कसं उठायचं ते करून दाखवलं आणि आबांनी तिथल्या तिथं दोनदा करून बघितलं!! घरी दहा वेळा सांगून न झालेली गोष्ट. तेव्हापासून डोक्यात आहे की आठवड्यातून दोनदा सगळ्यांना एकत्र आणावं, विश्रामबागेकडं ओळखीच्यांचा हॉल मिळतोय. पण सासूबाई म्हणतात जास्त आजारी माणसं बघून हे अजून खचतील. शिवाय ज्यांना विचारलं त्यातल्या एक काकू तोल जाण्याच्या आजाराच्या आहेत (अटॅक्सिया म्हणाल्या) आणि एक सर आहेत त्यांचे नुसते हात कापतात, पार्किन्सन्स नाही. सगळे एकत्र चालतील का? कोणी असं केलंय का?

मिरजेचा_फिजिओ
ताई जरूर करा, पण हॉल आणि सतरंजी एवढ्यावर सुरू करू नका. आधी प्रत्येकाची एकेकट्याची तपासणी फिजिओकडून करून घ्या, कोण किती वेळा पडलंय, उठल्यावर बीपी खाली जातं का (पार्किन्सन्समध्ये आणि त्याच्या गोळ्यांनी बऱ्याच जणांचं जातं, चक्कर येते), गुडघ्याचं काय. ग्रुप म्हणजे घरच्या फिजिओला सुट्टी असं समजू नका.
वेळ. हे सगळ्यात महत्त्वाचं आणि सगळ्यात जास्त चुकतं. लेव्होडोपाची (पार्किन्सन्सचं मुख्य औषध) गोळी घेतली की अर्ध्या-पाऊण तासानं शरीर मोकळं होतं आणि पुढची गोळी जवळ आली की परत आखडतं. व्यायाम त्या मोकळ्या वेळातच व्हायला पाहिजे. प्रत्येकाची गोळीची वेळ वेगळी, म्हणून एका आठवड्याची वही करा, कधी मोकळं कधी आखडलेलं, आणि सगळ्यांना सोसेल ती वेळ धरा. बहुतेक सकाळी साडेदहा-अकरा निघते. आणि गोळी दूध, डाळ, अंडं यांच्यासोबत देऊ नका, प्रथिनांमुळं ती नीट शोषली जात नाही, जेवणाआधी किती वेळ द्यायची ते डॉक्टरांकडून ठरवून घ्या.
फायदा होतो का म्हणाल तर २०१२ साली न्यू इंग्लंड जर्नल या वैद्यकीय मासिकात अभ्यास आला होता, १९५ पेशंट, आठवड्यातून दोनदा एकेक तास ताई ची (सावकाश हालचालींचा चिनी व्यायाम), २४ आठवडे. नुसतं स्ट्रेचिंग करणाऱ्यांपेक्षा त्यांचा तोल जास्त सुधारला आणि पडणंही कमी झालं. म्हणजे आठवड्यातून दोनदा हा तुमचा हिशोब बरोबर आहे. ताई चीच पाहिजे असं काही नाही, वजन एका पायावरून दुसऱ्या पायावर सावकाश नेणं हा त्यातला गाभा.
मिसळण्याबद्दल: हात कापणारे सर चालतील, फक्त पार्किन्सन्सची थरथर हात मांडीवर निवांत असताना दिसते आणि त्यांची कप उचलताना, सही करताना, त्यामुळं हाताचे व्यायाम वेगळे. अटॅक्सियाच्या काकूंचं मात्र नीट विचार करा.

कोयनाकाठ
त्याच काकूंसाठी लिहितेय कारण माझ्या आईला अटॅक्सिया आहे, आम्ही कराडचे. एका ठिकाणी (नाव घेत नाही) सगळ्यांना एका ओळीत उभं केलं आणि समोरून ओरडणार "मोठं पाऊल! जोरात! अजून मोठं!" पार्किन्सन्सवाल्यांना ते बरोबरच आहे हो, त्यांची हालचाल आपोआप लहान होत जाते म्हणून त्यांना मोठं करायला सांगतात. पण आईचं उलटं, तिची हालचाल आधीच वेडीवाकडी मोठी जाते, तिला सावकाश आणि नेमकं करायला शिकायचंय. जोरात म्हणलं की ती भेलकांडते. एकदा पडता पडता वाचली, नंतर जायचं नावच घेईना.
म्हणून काकूंना बोलवा पण त्यांना वेगळा माणूस, वेगळा कोपरा, भिंतीलगत खुर्ची. पाठ टेकून बसून पाय खुणेवर अलगद ठेवणं, चालताना पाय थोडे फाकवून, असलं. चहाला आणि गप्पांना सगळे एकत्र. आईला खरं तर गप्पाच पाहिजे होत्या, लोक तिला दारू प्यालेली समजतात बाजारात, ते कोणाशी बोलणार ती.

सायकलवाले_काका
वहिनी मी स्वतः पेशंट हाय. टाईप करायला वेळ लागतो, चुका समजून घ्या. तुमच्या सासूबाईंचं म्हणणं अगदीच खोटं न्हाई. पहिल्यांदा मी असल्या ठिकाणी गेलो तवा व्हीलचेअरवरचा माणूस बघितला आन मनात आलं चला आपलं बी हेच. दोन दिवस जेवण गेलं न्हाई. पण घरी तरी काय, घरी तर रोज आरसा हायच की. तिसऱ्या-चौथ्या खेपेला त्या व्हीलचेअरवाल्यानंच मला शर्टाची बटणं लावायचा हुक कुठं मिळतो ते सांगितलं.
सुरवातीला आबांच्याच पातळीची दोन माणसं घ्या. मग वाढवा.
दुसरं, उंबऱ्याचं. पाय अडकला की ओढू नका, मागनं ढकलू नका, "चला चला" म्हणू नका. माणूस पुढं पडतो. थांबू द्या. एक श्वास. मग वजन डावीउजवीकडं हलवायचं आन एक मोठं पाऊल. आमच्या घरी दारात जमिनीवर पिवळ्या टेपचे आडवे पट्टे मारलेत, पट्टा ओलांडायचा म्हणलं की पाय उचलतो, सपाट फरशीवर उचलत न्हाई. आता ह्याचं गणित मला इचारू नका. मी चालताना अडकतो पण सायकल चालवतो, आहे का न्हाई गंमत! हॉलंडच्या डॉक्टरांनी असल्याच एका पेशंटबद्दल २०१० ला छापलंय म्हणे, मुलानं वाचून दाखवलं. (रस्त्यावर चालवत न्हाई आता, स्टँडवर घरातच. बायकोनं किल्ली लपवलीय.)
आन लेझीम घ्या. आमच्या वयाच्या सगळ्यांनी शाळेत केलेली हाय. हलगी वाजली की पाय आपसूक पडतो.

मिरजेचा_फिजिओ
काका लेझीम एक नंबर कल्पना. मेंदूतलं आतलं घड्याळ चुकलं की बाहेरून ठेका द्यावा लागतो, तेच काम हलगी करते, टाळ्या, टिपऱ्या, मोबाईलवरचा मेट्रोनोम (टिकटिक ठेका देणारं अ‍ॅप) काहीही चालेल. फक्त जड लोखंडी लेझीम नको, हलकी घ्या आणि पहिल्या महिन्यात बसून. झुकून करायचे हात टाळा, ज्यांचं बीपी पडतं त्यांना त्रास होईल. आकडे सगळ्यांनी मोठ्यानं म्हणायचे, एक दोन तीन चार, त्यात आवाजाचाही व्यायाम होतो कारण आवाज बारीक होत जातो आणि त्यांना स्वतःला ते कळतच नाही, त्यांना वाटतं बायको बहिरी झालीय.

खणभागचा_गण्या
एवढं सगळं करण्यापेक्षा कवच बीज द्या, आयुर्वेदात कंपवातावर हाय, माझ्या चुलत्याला फरक पडला. व्यायामानं पार्किन्सन्स बरा होतो होय?

मिरजेचा_फिजिओ
दादा बरा होतो असं कोणी म्हणलं नाही, गोळीनं पण बरा होत नाही. आणि कवच बीज म्हणजे खाजकुइली, त्यात लेव्होडोपाच असतो. आबा आधीच तेच औषध घेतायत, वरून अंदाजानं पावडर दिली तर डोस किती झाला कोण मोजणार? जास्त झालं की अंग वेडंवाकडं हलायला लागतं, भास होतात. द्यायचंच असेल तर न्यूरोलॉजिस्टला सांगून. उलट एक बघा, अ‍ॅसिडिटीच्या काही गोळ्यांत लेव्होसल्पिराइड असतं आणि चक्करेवर सिनारिझिन देतात, ही दोन्ही थरथर-आखडणं वाढवू शकतात. आबांच्या गोळ्यांची सगळी पाकिटं एकदा डॉक्टरांपुढं ठेवा. मनानं मात्र कुठलीच बंद करू नका, पार्किन्सन्सची तर अजिबात नाही.

पुणे_सांगली_अपडाऊन
पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे, माझे वडील जायचे, तिथं पेशंट आणि घरचे दोघंही येतात, आणि पुण्यात पार्किन्सन्सच्या पेशंटसाठी डान्सचा क्लास पण चालतो. मुंबईची पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटी २००१ पासून काम करते, गावोगावी त्यांचे ग्रुप असतात, सुरू करायच्या आधी त्यांच्याशी बोला, सगळं नव्यानं शोधून काढायची गरज नाही.
घरच्यांना वेगळ्या खोलीत बसवा ही माझी एक विनंती. आमच्या बाबतीत आई शेजारी उभी राहून "हात वर, अहो वर" करायची आणि बाबा मुद्दाम खाली ठेवायचे. आईला दुसऱ्या खोलीत इतर बायकांसोबत चहा दिला तर दोघंही खूश. आईलाही कोणीतरी पाहिजेच होतं, रात्री कूस बदलायला बाबा चार वेळा उठवायचे, ते ती आम्हाला कधी सांगायची नाही, तिथं सांगितलं.
येण्याजाण्याचं म्हणाल तर एसटीला ६५ च्या पुढं हाफ तिकीट, ७५ च्या पुढं फुकट, बायकांना हाफ आहेच, त्यामुळं तासगाव-इस्लामपूरकडचे लोकही येऊ शकतील. आणि २०१६ च्या दिव्यांग कायद्यात पार्किन्सन्स धरलाय, बऱ्याच जणांना माहीतच नाही, प्रमाणपत्रासाठी सिव्हिलला चौकशी करा.

हळदपेठ_सांगली
बापरे एवढी उत्तरं, सगळ्यांचे आभार. वही सुरू केली, आबांचा मोकळा वेळ साडेनऊ ते साडेअकरा दिसतोय. तो हॉल पहिल्या मजल्यावर आहे, लिफ्ट नाही, तेव्हा तो रद्द. देवळाशेजारचं सभागृह तळमजल्यावर आहे, फरशी गुळगुळीत पण बाथरूमला कमोड आहे, ते बघितलं आधी. हात नसलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्या आहेत, त्या चालतील का?
काकूंना फोन केला, वेगळा कोपरा म्हणल्यावर तयार झाल्या. आबांना अजून व्यायाम म्हणून सांगितलेलं नाही, लेझीम शिकवायला या म्हणून सांगितलंय, त्यांनी शाळेत पथक चालवलंय.

मिरजेचा_फिजिओ
प्लास्टिकच्या नको, सरकतात आणि हात नसला तर उठताना आधार नाही. मंडपवाल्याकडं लोखंडी हाताच्या मिळतात, मागची बाजू भिंतीला लावा. फरशी पुसून कोरडी, पायात मागं पट्टा असलेली चप्पल किंवा बूट, स्लीपर कोणाच्याच नकोत. दर तीन पेशंटमागं एक धडधाकट माणूस उभा ठेवा, कॉलेजच्या पोरांना मी विचारतो.

सायकलवाले_काका
हलगी माझ्याकडं हाय. वार कळवा, मंगळवार सोडून, त्या दिवशी डॉक्टर असतो.