उत्तर: सिरपूर तलावातला 'पिरान्हा'

ताई, इंदूरच्या सिरपूर तलावातल्या माशाचा फोटो टाकून तुम्ही विचारलंत, हा माणसाला चावणारा पिरान्हा आहे का, पोरांना घाटावर जायला बंदी करावी का. फोटोतला लाल पोटाचा मासा पिरान्हा नाही, पाकू आहे. मासळीबाजारात तो रूपचंद म्हणून विकतात. ओठ उचलून दात पाहा. पाकूचे दात चपटे, आपल्या दाढांसारखे असतात. पिरान्हाचे त्रिकोणी, धारदार, एकाच ओळीत, आणि खालचा जबडा पुढे आलेला. नुसत्या रंगावरून हमखास फसगत होते.

२०२३ मध्ये भोपाळच्या बड्या तलावात सापडला तो अ‍ॅलिगेटर गार, मगरीसारख्या तोंडाचा मासा, मूळचा अमेरिकेचा. त्याने माणसावर हल्ला केल्याची एकही खात्रीशीर नोंद नाही. पोरांना घाटावर जायला बंदी कशाला? त्याची अंडी मात्र विषारी असतात, ती खाऊ नयेत. खरं संकट आपल्या देशी माशांवर आहे, आणि सिरपूर तर रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा.

हे मासे तलावात येतात घरच्या टाक्यांतून. बोटभर अ‍ॅलिगेटर गार विकत घेतात, तो हातभर झाला की रात्री सोडून देतात. कृपा करून सोडू नका. आधी दुकानदाराला परत घ्यायला सांगा. नाहीच जमलं तर माशाला वेदना न होता मारायचं: १० लिटर पाण्याला ५ मिली लवंगेचं तेल. ते थेट ओतलं तर वर तरंगतं, म्हणून आधी बाटलीत कोमट पाण्यात जोरात हलवून दुधाळ करा. अ‍ॅलिगेटर गार मासा हवेतूनही श्वास घेतो, त्यामुळे लवकर निपचित पडला तरी मेलेला नसतो. कल्ले थांबल्यावरही अर्धा तास पाण्यातच ठेवा, मग पुरा.