मालकाने एकदा घरी नेली आणि गाडीच बंद केली: टीव्हीआर स्पीड १२

गिअरबदलू:
परवा जेवताना भावाशी यावरून वाजलं म्हणून इथे टाकतोय. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, टीव्हीआर म्हणजे इंग्लंडमधल्या ब्लॅकपूलची छोटीशी कंपनी, पाठीशी कुठला मोठा ग्रुप नाही, तेव्हा मालक एकच, पीटर व्हीलर. १९९६ च्या बर्मिंगहॅम मोटर शोमध्ये त्यांनी एक राक्षस उभा केला, पुढे त्याचं नाव पडलं सर्बेरा स्पीड १२. ७.७ लिटरचं व्ही-१२ इंजिन, म्हणजे समजा सहा-सहा सिलिंडरची दोन इंजिनं (स्ट्रेट-सिक्स) एकाच क्रँकवर, म्हणजे फिरणाऱ्या मुख्य दांड्यावर. रोड कारवरून बनवलेल्या रेसकारच्या जीटी-१ क्लासमध्ये मॅक्लारेनच्या एफ१ नावाच्या सुपरकार वगैरेंना भिडायचं आणि जोडीला रस्त्यावरची गाडी विकायची असा बेत. लोकांनी बुकिंगचे पैसे पण भरले. मग एका संध्याकाळी व्हीलर तयार प्रोटोटाइप घेऊन घरी गेला आणि सकाळी म्हणाला, ही रस्त्यावर चालवायची गाडी नाही. खेळ खल्लास.

माझं मत, शंभर टक्के बरोबर केलं. हा तोच माणूस ज्याने आपल्या गाड्यांना एबीएस नाही दिलं, एअरबॅग नाही दिल्या, ट्रॅक्शन कंट्रोलचं तर नावच काढू नका. असा माणूस "हे जास्त होतंय" म्हणतो तेव्हा ते जास्तच असणार ना.

हिशोबनीस:
असहमत. गोष्ट मस्त आहे पण जरा तारखा बघा राव. जीटी-१ मध्ये पोर्श आणि मर्सिडीज उतरले, नावाला रोड कार आणि आतून पक्की रेसकार, खर्च आभाळाला भिडला आणि १९९९ पर्यंत तो क्लासच गुंडाळला. ज्या शर्यतीसाठी घाट घातला तीच उरली नाही तर ब्लॅकपूलच्या कारखान्याने कशाच्या जोरावर ही गाडी विकायची? मग "मी चालवून बघितली, फार डेंजर आहे" हे सांगायला किती सोयीचं. पैसे नाहीत म्हणण्यापेक्षा हे ऐकायला रुबाबदार वाटतं, उलट फुकटात जाहिरात.

तेलकट_बोटं:
डायनोचा, म्हणजे इंजिनाची ताकद मोजायच्या मशीनचा किस्सा कोणीच कसा काढला नाही अजून? १००० हॉर्सपॉवर झेलणाऱ्या डायनोवर इंजिन चढवलं तर डायनोचाच इनपुट शाफ्ट तुटला. मग इंजिनाच्या दोन्ही बाजू, सहा-सहा सिलिंडरच्या, वेगवेगळ्या मोजल्या, एकेक ४८०. बेरीज ९६०. वजन साधारण एक टन. आपली स्विफ्ट डोळ्यासमोर आणा, जवळपास तेवढीच हलकी, आणि तिच्या बॉनेटखाली दहा-अकरा स्विफ्टची इंजिनं, मागची दोनच चाकं ओढतायत, आणि वर पाऊस. आता बोला.

हिशोबनीस:
@तेलकट_बोटं, अशी बेरीज होत नसते हो. अर्धं अर्धं इंजिन मोजून जोडलं की ९६० झालं म्हणायचं का? म्हणून तर कुठे ८०० छापलंय, कुठे ८४०. किश्शातला आकडा आणि चाकावरचा आकडा यात फरक असतो.

तेलकट_बोटं:
बरं ८०० धरा. पावसात गाडी घसरून झाडावर आदळायला आठशे पण पुरतात. आणि गंमत म्हणजे रेसिंगची स्पीड १२ रोडवालीपेक्षा कमी ताकदीची, कारण नियमाप्रमाणे तिच्या नाकाला रिस्ट्रिक्टर, म्हणजे इंजिनात जाणारी हवा कमी करणारी चकती. म्हणजे रेसचे गुळगुळीत स्लिक टायर घालून सराईत ड्रायव्हर चालवणार ती कमी ताकदीची आणि गिऱ्हाईक दूध आणायला नेणार ती जास्त!

प्रेस्टनची_काकू:
मी ब्लॅकपूलपासून अर्ध्या तासावर राहते म्हणून बोलते. स्पीड १२ नाही पाहिली पण इथल्या एकांच्या घरासमोर टीव्हीआर शिमेरा उभी असते, एकदा बसायला मिळालं. बाहेरून दाराला हँडलच नाही! मी आपली बावळटासारखी हात फिरवत राहिले, शेवटी त्यांनी आरशाखालचं बटण दाखवलं. आत बसल्यावर बाहेर पडायची पण पंचाईत, दार उघडायचा नॉब मधल्या कन्सोलवर. आणि ती तर घरची साधी टीव्हीआर. ओल्या रस्त्यावर राउंडअबाउटला मागचं थोडंसं सरकलं, ते हसले, मी देवाचं नाव घेतलं. त्याच्या दुप्पट-तिप्पट ताकद मला तरी कल्पनेत पण नको. व्हीलरला माझं +१.

टर्बोतात्या:
काकू, तुमचा आदर आहे पण घाबरणं हे कारण झालं का? २००५ ला बुगाटी वेरॉन आली १००१ हॉर्सपॉवरची, लोकांनी घेतल्याच ना. आता तर हजार हॉर्सपॉवरच्या इलेक्ट्रिक गाड्या मिळतात आणि त्यात पोरं बसवून शाळेत सोडतात. व्हीलरने शेपूट घातलं. ब्रिटिशांकडे एक वेडा प्रोजेक्ट होता तो पण अर्धवट.

गिअरबदलू:
तात्या, वेरॉन जवळपास दोन टनाची, चारही चाकांना ताकद, आणि पायाखाली कॉम्प्युटर. इथे मधे फक्त तुमचा उजवा पाय. आणि शेपूट घालणारा माणूस नव्हता हो तो, स्वतः टस्कन चॅलेंज या टीव्हीआरच्याच गाड्यांच्या शर्यतींमध्ये रेस करायचा. आधी टीव्हीआरचा गिऱ्हाईक होता, मग कंपनीच विकत घेतली.

हिशोबनीस:
मग एक सांगा. एवढी डेंजर होती तर २००३ ला विकली कशी? बाकीचे प्रोटोटाइप मोडून रेसच्या गाड्यांना पार्ट लावले, मग एक परत जोडली, डब्ल्यू११२ बीएचजी नंबरची, आणि चक्क जाहिरात दिली. तेव्हा कुठे गेली काळजी?

गिअरबदलू:
जाहिरातीतली पुढची ओळ सांगायची राहिली तुमची. घेणाऱ्याची मुलाखत स्वतः व्हीलर घेणार होता. शोरूममध्ये चेक फाडेल त्याला देणं वेगळं आणि समोर बसवून एकाला देणं वेगळं.

टर्बोतात्या:
मुलाखत म्हणजे नाटक. पैसे घेऊन आलेल्याला कोण परत पाठवतो?

तेलकट_बोटं:
आमच्या वडिलांनी पाठवलेत. जुनी बुलेट विकायची होती, तीन जणांना नाही म्हणाले. एकाने तर मागितल्यापेक्षा जास्त देऊ केले, पण आल्या आल्या धाडकन किक मारली, किक उलटली आणि नडगी धरून बसला. वडील म्हणाले चहा घ्या आणि या. शेवटी एका दूधवाल्याला दिली, तेही पैसे कमी करून, कारण त्याने आधी अँपिअरचा काटा मधे आणला (तसं केलं की किक उलटत नाही) आणि मग किक मारली.