करिंथच्या सभेत बोलायचं कोणी, थांबायचं कोणी?

घरसभेतला: आमच्या ख्रिस्ती घरसभेत साक्षीची, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते सांगायची, वेळ आली की ठरलेले दोघे-तिघेच बोलतात, बाकीचे सतरंजीकडे बघत बसतात. बायबलमध्ये प्रेषित पौलाने ग्रीसमधल्या करिंथ शहरातल्या मंडळीला लिहिलेल्या पत्रात, करिंथकरांस पहिल्या पत्राच्या १४व्या अध्यायात मात्र सगळेच बोलताना दिसतात. मग पौलाने एकच वक्ता नेमून गोंधळ का मिटवला नाही?

जुनी_पोथी: बोलणारे कमी करायचे नव्हतेच त्याला. २६वं वचन बघा: कोणाजवळ स्तोत्र, कोणाजवळ शिक्षण, कोणाजवळ प्रकटीकरण, हे तो धरूनच चालतो. शिस्त आहे ती पाळीची. अन्य भाषेत, म्हणजे आत्म्याच्या प्रेरणेने इतरांना न कळणाऱ्या भाषेत, बोलणारे दोन, फार तर तीन, एकामागून एक. अर्थ सांगणारा नसेल तर गप्प. संदेष्टेही, म्हणजे देवाचा संदेश सांगणारे, दोघे-तिघे, आणि इतरांनी पारख करायची. मला सगळ्यात आवडतं ३०वं: बसलेल्याला काही प्रकट झालं, तर बोलत असलेल्याने थांबायचं. आपल्याकडे माइक हातात आलेल्याला थांबवून दाखवा! सगळ्यांनी शिकावं, सगळ्यांना धीर यावा, म्हणून हे. ११व्या अध्यायात भोजनाच्या वेळी एक उपाशी, दुसरा प्यालेला. तिथेही तो हेच सांगतो, एकमेकांसाठी थांबा.

साधा_वाचक: ३४व्या वचनात बायकांना गप्प बसवलंय. ते बरं गाळलंत!

जुनी_पोथी: त्याच पत्राच्या ११व्या अध्यायात बायका प्रार्थना करतात, संदेश देतात, अट डोकं झाकण्याची. शिवाय काही जुन्या हस्तलिखितांत ३४-३५ ही वचनं ४०व्यानंतर येतात, म्हणून ती मुळातली का यावर अभ्यासक भांडतात. मला तो वाद मिटलेला वाटत नाही.

रविवारकर: पण हे टिकलं कुठे? सन १५५च्या सुमारास रोममधला ख्रिस्ती लेखक जस्टिन रविवारच्या सभेबद्दल लिहितो: आधी वाचन, मग अध्यक्षाचा बोध, सगळ्यांची उभ्याने प्रार्थना, भाकर आणि द्राक्षारस. लोकांच्या वाट्याला 'आमेन'.

जुनी_पोथी: त्याच वर्णनात न आलेल्यांकडे भाकर पोचवणारे सेवक आहेत, अनाथ-विधवा, आजारी, कैदी यांच्यासाठी दानही आहे. आणि पुढे सन १९७च्या सुमारास उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजचा ख्रिस्ती लेखक तर्तुल्लियन सांगतो, मंडळीचं एकत्र प्रीतिभोजन झालं, हात धुतले, दिवे लागले की एकेकाला पुढे बोलावून गायला सांगत. शास्त्रातलं नाहीतर स्वतःचं. घरसभेतले भाऊ, साक्ष मागण्याआधी गाणं मागून बघा. आणि त्या ठरलेल्या तिघांना शेवटी ठेवा.