मदत हवी आहे: गुडघेदुखी असलेल्या सासूबाईंना कासला न्यावं का?

नमस्कार मंडळी. आम्ही पुण्याचे. घरात आम्ही दोघं, 9 आणि 4 वर्षांची मुलं आणि चौऱ्याहत्तरीच्या सासूबाई. ऋतू बदलला की एक दिवस बाहेर पडायचं, हा आमचा जुना शिरस्ता. थंडीत शेतावरचा हुरडा नाहीतर भिगवणला होडीतून रोहित पक्षी, मे महिन्यात कोकणात माझं माहेर, पावसात सिंहगड.

यंदा जुलैत गडावर गेलो तेव्हा वाहनतळापासून थोड्याच पायऱ्या चढून आई थांबल्या. "तुम्ही जाऊन या, मी इथंच दही खाते," म्हणाल्या. मडक्यातलं दही खाल्लंही, पण परतताना गाडीत गप्प गप्प होत्या. मला ते लागलं.

आता सप्टेंबरअखेर साताऱ्याजवळचं कास पठार ठरवतोय. सीतेची आसवं आणि तेरडा ही तिथली फुलं बघायचीच, असा आईंचा हट्ट आहे. गर्दी नको म्हणून मधला वार, तिकीट ऑनलाइन काढूनच. पण गाडी लावल्यावर फुलांपर्यंत चालावं किती लागतं? वाट निसरडी असते का? मध्ये टेकायला जागा, स्वच्छतागृह? धाकट्याला घाटात हमखास उलटी होते, तेव्हा आदल्या रात्री साताऱ्यात मुक्काम करावा की पहाटे निघून एका दिवसात उरकेल?

वयस्कर माणसांना घेऊन अलीकडे कोणी गेलं असेल तर नक्की सांगा. फक्त व्हीलचेअर सुचवू नका. ते नाव काढलं तरी आई जेवायच्या थांबतात.